आधी निदान, मग हात

पाठदुखीने सहसा कोणी दगावत नाही. म्हणूनच तिची दखल ना घरात नीट घेतली जाते, ना कचेरीत. 'कंबर धरली' असे कारण देऊन रजा मागणाऱ्या कारकुनाकडे साहेब संशयानेच पाहतो. पण ज्याला या दुखण्याची व्याप्ती पाहावयाची असेल, त्याने सकाळी पनवेलच्या फलाटावर घटकाभर उभे राहावे. १९९८ साली हार्बर मार्गाची लोकल येथवर आली आणि या जुन्या गावाचा संसार मुंबईच्या घड्याळाला बांधला गेला. बोरीबंदरपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटरचे अंतर कापावयास सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो. जाताना तेवढा, येताना तेवढा, आणि मधले आठ तास खुर्चीत. शिक्षक दिवसभर फळ्यापुढे उभे असतात आणि रात्री वह्यांच्या गठ्ठ्यावर वाकतात. विद्यार्थ्यांच्या माना मोबाईलवर झुकलेल्या असतात. अशा समाजात मणक्यांवर इलाज करणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळाले, तर त्यात नवल ते काय?

या इलाजांतील सर्वांत नवा इलाज म्हणजे कायरोप्रॅक्टिक. मोठ्या शहरांतून या उपचाराच्या पाट्या आता दिसू लागल्या आहेत, आणि मान किंवा कंबर 'कटकन्' मोडून दाखविणारी चित्रफीत घरोघरच्या मोबाईलवर पोहोचली आहे. पाठीच्या दुखण्यावर उतारा एवढाच दावा असता, तर लिहिण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु मणके जागेवर बसविले की मज्जातंतूंतील अडथळा दूर होतो, पचन, झोप, दमा, मुलांचे रडणे असे सगळेच मार्गी लागते, सबब सहकुटुंब यावे, असे आमंत्रण जेव्हा दिले जाते तेव्हा ते तपासून घेणे प्राप्त होते.

हाताने अंग मोकळे करण्याची विद्या आपल्याला नवी नाही. गावोगावी हाडवैद्य होते व आहेत. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीवरून फिरवून घेण्याची रीत आपल्या आज्यांनी पाळली. पनवेलला तर वैद्यकीचा वारसाच आहे. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली येथेच धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला. तेव्हा परकी म्हणून एखादी उपचारपद्धती नाकारावी, किंवा परदेशी म्हणून ती डोक्यावर घ्यावी, या दोन्ही वृत्ती सारख्याच गैर होत. पाहावयाचे ते एवढेच की दावा काय आहे आणि त्याला आधार किती आहे.

कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी १८९५ साली झाला. डॅनियल डेव्हिड पामर या चुंबकोपचार करणाऱ्या गृहस्थाने हार्वे लिलार्ड नावाच्या बहिऱ्या रखवालदाराच्या पाठीतील एक मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, अशी ही मूळ कथा. कानापासून मेंदूकडे जाणारी श्रवणाची नस कवटीच्या आतूनच जाते, पाठीच्या कण्यातून नव्हे, ही शरीरशास्त्राची प्राथमिक गोष्ट या कथेच्या आड येते. पामर मात्र तेथे थांबले नाहीत. शेकडा ९५ रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्या सिद्धांताचे पुढे काय झाले? ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या कायदेशीर परिषदेनेच २०१० साली सांगून टाकले की, मणका सरकल्याने रोग होतात ही कल्पना ऐतिहासिक स्वरूपाची असून तिला संशोधनाचा पुरावा नाही. ऑस्ट्रेलियातील नियामक मंडळाने तर २०१९ साली दोन वर्षांखालील बालकांच्या मणक्यांवर हा प्रयोग करू नये, असे आपल्याच व्यावसायिकांना बजावले.

याचा अर्थ हे सारे थोतांड आहे, असा कोणी काढू नये. साध्या कंबरदुखीत मणक्यांच्या हस्तोपचाराने काहींना उतार पडतो, हे मान्य झालेले आहे. अमेरिकन डॉक्टरांच्या एका प्रमुख संघटनेने २०१७ साली औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक, मालिश आणि व्यायाम यांच्याबरोबर त्याचाही समावेश केला. ब्रिटनच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र व्यायामाच्या जोडीनेच तो करावा, अशी अट घातली. लाभ आहे तो एवढा आणि असा. शिवाय साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआपच ओसरते. त्या सुमारास जो कोणी हात लावील, त्याला यश मिळते. आणि तो 'कट' असा आवाज? तो मणका जागेवर बसल्याचा नसून, सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याचा असतो. बोटे मोडताना येतो, तोच हा आवाज.

खरा धोका आहे तो निदानाला बगल देण्यात. आपल्या देशात मणक्याचा क्षय दुर्मिळ नाही. महिनोन् महिने रेंगाळणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन हे त्याचे रूप. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर जोर पडला, तर मज्जारज्जू दाबला जाऊन पायांतील बळ जाऊ शकते. कंबरदुखीसोबत लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, तर तासांचा हिशेब असतो. तेथे रुग्णालयच गाठले पाहिजे. मानेला झटका दिल्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. असे क्वचित घडते. पण कधी कधी ती वाहिनी आधीच फाटलेली असते आणि मानदुखी हेच तिचे पहिले लक्षण असते. ते ओळखणार कोण?

मज्जातंतूंचे आरोग्य बिघडते म्हणजे काय होते, हे पनवेलकरांना तरी परक्याने शिकविण्याची गरज नाही. जवळच नेरे येथे कुष्ठरुग्णांसाठी उभे राहिलेले शांतिवन आहे. कुष्ठरोग हा मुळात त्वचेचा आणि नसांचा रोग. एखादा बधिर चट्टा, हातापायांना मुंग्या, बोटांतील जोर कमी होणे, अशीच त्याची सुरुवात होते. १९८०च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो, सरकारी आरोग्य केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात, आणि तरीही महाराष्ट्रात नवे रुग्ण सापडतच आहेत. उपचारास उशीर झाला तर रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही मुंग्या येतात. या साऱ्यांवर 'नस दबली आहे' असे एकच उत्तर देऊन पाठ चोळत बसणे, म्हणजे दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला!

आणि काही विपरीत घडले, तर दाद कोठे मागावयाची? डॉक्टरांसाठी वैद्यकीय परिषद आहे. फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला. कायरोप्रॅक्टिकची नोंदणी करणारी कायदेशीर परिषद मात्र भारतात नाही. परदेशात चार-पाच वर्षे रीतसर शिकून आलेला आणि चित्रफिती पाहून हात चालविणारा, या दोघांच्या पाट्या रुग्णाला सारख्याच दिसतात. ही अवस्था प्रामाणिक शिकलेल्यांवरही अन्यायच करते. सरकारने या व्यवसायाला एकतर शिक्षणाची व नोंदणीची चौकट द्यावी, नाहीतर त्याच्या जाहिरातींतील रोगनिवारणाच्या दाव्यांना आळा घालावा.

तथापि सगळा दोष हस्तोपचार करणाऱ्यांच्या माथी मारून डॉक्टरांना मोकळे होता येणार नाही. लोक तिकडे का वळतात? तेथे कोणी अर्धा तास ऐकून घेतो, दुखऱ्या जागेला हात लावतो. दवाखान्यात दोन मिनिटांत गोळी लिहून मिळते आणि पुढच्या रुग्णाला हाक जाते. घरातल्या तीन पिढ्यांची नाडी ओळखणारा जुना फॅमिली डॉक्टर ही गावाची मोठी सोय होती. पनवेल २०१६ साली महानगरपालिका झाले, येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्यास वैद्यकीय महाविद्यालय आहे. पालिकेच्या दवाखान्यांतून आठवड्यातले ठरावीक दिवस पाठीच्या दुखण्यासाठी राखून, तपासणी आणि व्यायामाचे शिक्षण एकाच जागी देणे, हे काही अशक्य काम नव्हे.

तोवर वाचकांनी स्वतःपुरता एक नियम करावा. पाठीला किंवा मानेला कोणाचाही हात लागू देण्यापूर्वी नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासून घ्यावे, आणि 'हे दुखणे कशाचे?' याचे उत्तर मागावे. उत्तर मिळाल्यावर शेक घ्यावा, व्यायाम करावा, वाटल्यास हस्तोपचारही करून घ्यावा. जो उपचारक हा प्रश्न विचारू देत नाही, किंवा सर्व दुखण्यांना एकच उत्तर देतो, त्याच्या हाती आपली मान देऊ नये.