गेटच्या आत

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत सुट्टीवर आलेल्या कुठल्याही फौजी माणसाला 'मेजर' म्हणतात. तो शिपाई असो, नाईक असो की सुभेदार. एसटीचा कंडक्टरसुद्धा "मेजर, जरा पुढं सरका" म्हणतो. हाच मेजर पेन्शनीत आला, की काही महिन्यांनी शिरवळ, रांजणगाव नाही तर चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर उभा दिसतो. आपल्या गाडीची काच खाली होते, तो सलाम ठोकतो, आपण मान हलवतो. मग आत जाऊन दहाच्या मीटिंगमध्ये आपणच तक्रार करतो, की स्टोअर सांभाळायला भरवशाचा माणूस मिळत नाही.

या मासिकाचे बहुतेक वाचक कारखान्यांतले एचआरवाले आणि कामगार अधिकारी आहेत. तेव्हा आधी माझीच चूक सांगतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआरला होतो. मुलाखतीला चाळिशीतला एक निवृत्त हवालदार आला. एका पानाचा बायोडाटा, तोही तालुक्याच्या सायबर कॅफेवाल्यानं बनवलेला: हार्डवर्किंग, ऑनेस्ट, डिसिप्लिन्ड. मी विचारलं, "फौजेत काय काम करत होता?" "जे सांगतील ते, साहेब." "तुमची एखादी मोठी कामगिरी?" तो घुटमळला. "इन्स्पेक्शनला आमचं वर्कशॉप पहिलं आलं होतं." "त्यात तुम्ही स्वतः काय केलं?" "सगळ्यांनी मिळून केलं, साहेब." मी शेरा मारला: संवादकौशल्य कमी, सिक्युरिटीसाठी विचार व्हावा.

तो गेटवर लागला. वर्ष-दीड वर्षानं आमच्या स्टोअरचा साठा जुळेना. ऑडिटवाले तीन दिवस ठाण मांडून बसले होते. रात्रपाळीचा हा गडी चहाच्या निमित्तानं आत आला, रॅककडं बघत उभा राहिला आणि स्टोअरकीपरला म्हणाला, "बिन कार्डं कुठायत?" मग एकेक गोष्ट निघाली. तो 'एसकेटी' होता, म्हणजे फौजेतला तांत्रिक स्टोअरकीपर. लेहच्या बाजूला एका वर्कशॉपचे सुटे भाग त्यानं सांभाळले होते. तिकडं बर्फानं रस्ता बंद झाला, की मागणी पाठवून काही उपयोग नसतो. पुढच्या चार-सहा महिन्यांत काय मोडेल, काय लागेल, याचा अंदाज बांधून माल आधीच भरून ठेवावा लागतो. आपण याला इन्व्हेंटरी प्लॅनिंग म्हणतो आणि त्यासाठी एमबीएची जाहिरात देतो. हे सगळं त्याच्या डिस्चार्ज बुकात होतं. ते पुस्तक मुलाखतीच्या दिवशी माझ्या टेबलावरच होतं. मी ते उघडलं नव्हतं.

त्याला स्टोअरमध्ये घ्यायचं ठरून कागद वर जाईपर्यंत त्यानं नोकरी सोडली होती. गावाकडं म्हशी घेतल्या, असं नंतर कळलं.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपली मुलाखत 'मी'वर उभी आहे: मी हे केलं, मी ते वाचवलं, माझ्यामुळं टक्का वाढला. फौजेत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा 'मी' उच्चारताच येत नाही. पलटणीत असा 'मी' चारचौघांत हसण्याचा विषय असतो. या न बोलण्याला आपण संवादकौशल्याचा अभाव म्हणतो. पण प्रश्न बदलला की तोच माणूस बोलायला लागतो. माझ्या अनुभवात एक प्रश्न हमखास चालतो: "तुमच्याकडं चार्ज कशाचा होता?" चार्ज हा फौजेतला वजनदार शब्द आहे. चार्ज घेतला म्हणजे मोजून घेतलं, सही केली, हरवलं तर जबाब द्यायचा. मग वाहनं किती, माणसं किती, दारूगोळा किती, बदलीच्या वेळी कमी-जास्त काय निघालं, हे सगळं तो तारखांसकट सांगतो. पुढचे अर्धे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, हुद्द्याआधी ट्रेड वाचा. 'हवालदार' या शब्दावरून आपल्याला काहीच कळत नाही. पोलिसातला हवालदार डोळ्यांसमोर येतो आणि आपण त्याला गेटवर पाठवतो. ईएमईचा, म्हणजे यंत्रदुरुस्ती शाखेचा व्हेइकल मेकॅनिक, सिग्नलचा तंत्रज्ञ, एएससीचा, म्हणजे पुरवठा-वाहतूक शाखेचा चालक, मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून आलेला जनरेटर नाही तर पाणीपुरवठ्यावरचा माणूस, या सगळ्यांच्या बाहीवर हवालदाराच्याच फिती असू शकतात. चालकाचंच घ्या. डोंगरातल्या कॉन्व्हॉयमध्ये वर्षानुवर्षं गाडी चालवलेला, कार डायरीत रोजचा किलोमीटर आणि डिझेल टिपणारा माणूस. त्याला आपण साहेबांच्या गाडीवर ठेवतो. वाहतूक विभागात पन्नास ट्रकांचा हिशेब कुणी ठेवायचा म्हणून मात्र एजन्सीला विचारतो. लंगरचा कुक शंभर-सव्वाशे जणांचं जेवण तीन वेळा वेळेवर काढतो, शिधा मोजून घेतो आणि उरलेल्याचा हिशेब देतो. आपल्या कॅन्टीन कंत्राटदारांपैकी किती जण एवढं करतात?

अडचण खरी आहे ती पायदळातल्या माणसाची. मराठा लाइट इन्फंट्रीत अठरा वर्षं काढलेल्या जवानाच्या ट्रेडपुढं कारखान्यातलं कुठलंच नाव चपखल बसत नाही. तो सेक्शन कमांडर होता, रंगरूटांना शिकवणारा उस्ताद होता, कोर्स करून आलेला होता. म्हणजे दहा माणसांकडून काम करून घेणं, एकच गोष्ट न कंटाळता शंभरदा शिकवणं, थकलेल्या माणसाला शिफ्ट संपेपर्यंत उभं ठेवणं. लाइन सुपरवायझर नाही तर शॉपफ्लोअरवरच्या प्रशिक्षकाचं काम याहून वेगळं काय असतं? पण त्याला मशीन येत नाही. ते सहा महिन्यांत शिकवता येतं, आणि शिकवण्याचा खर्च कंपनीनं उचलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पदविका झालेल्या पोराला आपण वर्षभर ट्रेनी ठेवतो आणि शिकला की तो शेजारच्या कंपनीत जातो; तो खर्च मात्र आपल्याला कधी टोचत नाही.

इथं एक इशाराही द्यायला हवा. निवृत्तीच्या पैशांवर डोळा ठेवून 'फायर अँड सेफ्टी'ची प्रमाणपत्रं विकणारे क्लास गावोगावी निघाले आहेत. कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर कोण होऊ शकतो, हे महाराष्ट्रात 1982 च्या नियमांनी बांधलेलं आहे. तांत्रिक नाही तर विज्ञान शाखेची पदवी किंवा पदविका, कामाचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ती खुर्ची मिळत नाही. हे आपल्याला ठाऊक असतं. समोर ते प्रमाणपत्र घेऊन माजी सैनिक बसला असेल, तर त्याला तसं तोंडावर सांगणं आणि फायरमन, सुपरवायझर असा पुढचा खरा रस्ता दाखवणं, एवढं आपल्या हातात आहे. "कळवतो" म्हणून त्याला वाटेला लावू नका.

आता पगाराबद्दल. "त्याला पेन्शन आहेच की" हे वाक्य मी किमान पन्नास वेळा ऐकलं आहे आणि दोन-चार वेळा बोललोही आहे. बाजारभाव बावीस हजारांचा असेल, तर माजी सैनिकाला अठरा देऊ करायचे आणि वर त्याच्या निष्ठेचं कौतुक करायचं. पेन्शन ही झालेल्या कामाची आहे, होणाऱ्या कामाची नाही. केंद्र सरकारसुद्धा अधिकारी दर्जाखालच्या माजी सैनिकाला पुन्हा नोकरीत घेताना वेतननिश्चितीत त्याची पेन्शन पूर्णपणे बाजूला ठेवतं. 1986 पासूनचे आदेश तसे आहेत. ज्या सरकारच्या कंजूषपणावर आपण विनोद करतो, ते या बाबतीत आपल्यापेक्षा दिलदार निघालं.

सरकारी बाजू वाचकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. राज्यात गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क मध्ये 10 आणि पूर्वीच्या गट ड मध्ये 20 टक्के. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या आधीच अभ्यासक्रम देतं. अधिकाऱ्यांसाठी ते आयआयएमपर्यंत जातात. जवान मात्र अनेकदा घराजवळचं केंद्र बघून कोर्स निवडतो. वर्षानुवर्षं घरापासून दूर राहिलेल्या माणसाला त्याबद्दल दोष कसा द्यायचा? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी होते. पुण्यातलं मेस्को, म्हणजे माजी सैनिक महामंडळ, हजारोंना काम देतं, पण ते काम बहुतांशी सुरक्षा रक्षकाचं. सुरक्षेच्या कामाला मी कमी लेखत नाही. ते आवडीनं करणारे आणि त्यात वर चढून सुरक्षा प्रमुख झालेले फौजी मी पाहिले आहेत. माझा आक्षेप एवढाच आहे, की दुसरं दार आहे हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना हाताला काम शिकवण्यासाठी ही संस्था 1917 मध्ये सुरू झाली. जायबंदी सैनिकालाही केवळ मदत नको असते, काम हवं असतं, हे शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी कळलं होतं. मुरलीकांत पेटकरांचं नाव आता घरोघरी पोचलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा हा ईएमईचा जवान, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक. 'पद्मश्री' मिळाली, सिनेमा निघाला. आपण एचआरवाल्यांनी लक्षात ठेवायची ओळ मात्र वेगळी आहे: पुण्यात टेल्कोनं त्यांना नोकरी दिली.

नोकरी दिल्यावरचे पहिले सहा महिने हा वेगळाच विषय आहे आणि बहुतेक माणसं तिथंच गळतात. फौजेत कुणाला रिपोर्ट करायचं हे पहिल्या तासाला कळतं. आपल्याकडं तीन साहेब तीन गोष्टी सांगतात आणि चौथा विचारतो, "हे कुणी सांगितलं?" त्याचा सुपरवायझर अठ्ठावीस वर्षांचा असतो आणि त्याला अरे-तुरे करतो. दहाची मीटिंग साडेदहाला सुरू होते. आपल्याला हे किरकोळ वाटतं. त्याला ही जागा आपली नाही असं वाटायला एवढं पुरतं. दोन-तीन कारखान्यांत मी एक साधी गोष्ट करून पाहिली. आधी रुळलेल्या माजी सैनिकाची नव्याशी जोडी लावून दिली आणि आठवड्यातून एकदा दोघांना बरोबर जेवायला बसवलं. बाकी काही करावं लागलं नाही. नव्याच्या शंका जुना सोडवत असे, आणि शिफ्टमधल्या ज्या भानगडी मला सहा महिन्यांनी कळल्या असत्या, त्या आठवड्यात कळायला लागल्या.

आणि आता येणारी पिढी निराळी आहे. अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. लष्कराच्या पहिल्या अग्निवीरांचं प्रशिक्षण 2023 च्या सुरुवातीला सुरू झालं; पुढच्या चार वर्षांचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. मूळ योजनेप्रमाणे त्यातले 25 टक्क्यांपर्यंत कायम होणार, बाकीचे बावीस-पंचविशीत सेवानिधीचे पावणेबारा लाखांच्या आतबाहेरचे पैसे घेऊन घरी येणार. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. "पेन्शन आहेच की" म्हणायची सोय इथं आपल्याला नाही. चाळिशीचा हवालदार गेटवर दहा-पंधरा वर्षं काढेल आणि मुलांची शिक्षणं उरकेल. पंचविशीच्या पोराला गेटवर उभं केलं, तर पस्तिशीपर्यंत त्याला दुसरं काहीच येणार नाही. या मुलांना अप्रेंटिस म्हणून घ्या, पदविकेला बसवा, मशीनवर उभं करा. बारावीनंतरची चार वर्षं त्यांनी कॉलेजच्या कट्ट्यावर काढलेली नाहीत, एवढं ध्यानात ठेवून पगार ठरवा.

वाचकांकडं एकच मागणं आहे. पुढची रिक्त पदं कळवताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला नुसतं 'सिक्युरिटी' लिहून पाठवू नका. स्टोअरकीपर, फिटर, वाहतूक सहायक, डीजी ऑपरेटर, कॅन्टीन सुपरवायझर, लाइन सुपरवायझर अशी पदाची नावं लिहा, आणि कोणता ट्रेड चालेल ते खाली एका ओळीत टाका. मग आपल्या कारखान्यात गेल्या वर्षभरात गेटच्या आत किती माजी सैनिक घेतले, तो आकडा संपादकांच्या नावे पाठवा. शून्य असेल तरी पाठवा. कंपनीचं नाव छापणार नाही.