भुते येत नाहीत, काय करावे?

भूत दिसले, भुताने धरले अशा तक्रारी घेऊन माणसे पूर्वी भगताकडे जात आणि कोंबडे-नारळ गमावून परत येत. आता विरार, नालासोपारा, वसईच्या चाळींतून नेमकी उलटी तक्रार आमच्या कानी येते. "आमच्याकडे भुतेच येत नाहीत!" तक्रार करणारे दहा-बारा वर्षांचे असतात आणि त्यांच्या हातात आईचा नाहीतर बापाचा मोबाईल असतो. ओट्यावर बसलेली आजी हे ऐकून दचकते. तेव्हा आजच्या सदरात आम्ही हाच विषय घ्यावयाचे ठरविले.

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधील मार्कस पर्सन या प्रोग्रामरने तो 2009 साली लोकांपुढे आणला, आपली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली त्याच वर्षी. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने ही मोजांग कंपनी अडीचशे कोटी डॉलरला विकत घेतली आणि 2023 पर्यंत खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यात सगळे जग ठोकळ्यांचे आहे. ठोकळा फोडावा, ठोकळा रचावा, घर बांधावे, शेती करावी. अंधार पडला की झाँबी, सांगाडे, कोळी आणि क्रीपर नावाचा एक हिरवा स्फोटक प्राणी बाहेर पडतात. (हा क्रीपर मुळात डुक्कर व्हावयाचा होता. पर्सनने लांबी आणि उंचीच्या आकड्यांची अदलाबदल केली आणि चार पायांचे उभे ध्यान तयार झाले. त्याने ते टाकून न देता ठेवले, आणि आज तेच या खेळाचे ओळखचिन्ह आहे.)

या भुतांना मारले की हाडे, बाण, सुताचे दोरे, बंदुकीची दारू असा माल मिळतो. हाडे कुटून पिकाला खत होते. मग पोरे डोके चालवितात : रानोमाळ हिंडण्यापेक्षा भुते एकाच ठिकाणी जन्मावीत, पाण्याने वाहत यावीत, उंचावरून पडावीत आणि माल आपोआप पेटीत जमावा. अशा बांधकामाला ते 'मॉब फार्म' म्हणतात. आपण त्याला भुतांचा कारखाना म्हणू. चार दिवस खपून कारखाना उभा राहतो आणि एकही भूत येत नाही, तेव्हा घरात रडारड सुरू होते.

वाचक मातापित्यांनी एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. या खेळातले भूत कोणाच्या शापाने येत नाही की अमावास्येला येत नाही. अंधार, अंतर, जागा आणि संख्या अशी त्याच्या जन्माची ठरलेली कारणे आहेत. कारण पुरे झाले की भूत जन्मते, अपुरे राहिले की जन्मत नाही. आजीलाही हे समजावून सांगावे, तिला बरे वाटेल.

आता एक खरी अडचण. मुले यूट्यूबवर व्हिडिओ पाहून कारखाना बांधतात. पुष्कळसे व्हिडिओ संगणकावरच्या 'जावा' आवृत्तीचे असतात. मोबाईलवर चालते ती 'बेडरॉक' आवृत्ती. दोन्ही दिसावयास सारख्या, पण आतले नियम जागोजागी वेगळे. शिवाय व्हिडिओ जुनाही असतो. नोव्हेंबर 2021 मध्ये खेळाची 1.18 ही आवृत्ती आली आणि अंधाराचा नियमच बदलला. त्यापूर्वी उजेडाची पातळी सातपर्यंत असली तरी भुते जन्मत. आता मशाल-दिव्याचा उजेड शून्य लागतो. जुना व्हिडिओ पाहून कोपऱ्यात मिणमिणता दिवा ठेवलेला चालेल असे समजणाऱ्याचा कारखाना बंदच राहणार. तेव्हा कारखाना चालत नसेल तर पहिला प्रश्न हाच : व्हिडिओ कोणत्या आवृत्तीचा आणि कोणत्या सालचा?

आमच्या परिचयाचे एक वायरमन बंधू आहेत. वालीवच्या एका गाळ्यात काम करतात. त्यांचा मुलगा सातवीत. सुट्टीत त्याने कारखाना बांधला, भुते आली नाहीत. त्याने छप्पर बदलले, पाणी बदलले, खड्डा खोल केला, पुन्हा सगळे मोडून नव्याने बांधले, तरी नाही. पोराने जेवण टाकले. बाप संध्याकाळी थकून आलेला. मोबाईल खिडकीतून फेकून देईन म्हणाला. दोन दिवस बापलेकांचे बोलणे बंद. आईने मध्ये पडून बापाला म्हटले, "अहो, तुम्ही दिवसभर फॉल्टच तर शोधता, जरा बघा ना."

तेव्हा बापाने खेळातले काही न कळताही कामातला प्रश्न विचारला : "सप्लाय कुठपर्यंत येतोय?" म्हणजे भुते जन्मतच नाहीत, की जन्मून पडत नाहीत, की पडून मरतात पण माल पेटीत जात नाही? पोराने हा विचार केलाच नव्हता. सरळ आत डोकावून पाहिले तर मांडव रिकामा. म्हणजे फॉल्ट जन्माच्या ठिकाणी. पाणी, खड्डा, पेटी यांना हात लावावयाचे कारणच नव्हते. मग बापाने दुसरा दंडक घातला : एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि वहीत लिहावयाची. पाच तारा एकदम ओढल्या तर कोणत्या तारेने दिवा लागला ते कळत नाही, हे त्यांचे म्हणणे.

अंधार तपासला, ठीक होता. मग अंतर. या खेळाचा नियम असा की खेळाडूपासून 24 ठोकळ्यांच्या आत ही भुते आपोआप जन्मत नाहीत. मुलगा कारखान्याच्या अगदी खाली, 22 ठोकळ्यांवर उभा राहून वाट पाहत होता. त्याचा मांडव मध्यापासून चहूकडे आठ ठोकळ्यांचा, म्हणजे कोपरे तेवढे 24 च्या पलीकडे आणि बाकी सगळी फरशी वांझ. पुढे एका व्हिडिओत "लांब उभे राहा" असे ऐकून त्याने साठ ठोकळ्यांवर मचाण बांधले. तरीही भुते नाहीत! कारण मोबाईलवर 'सिम्युलेशन डिस्टन्स' नावाची सेटिंग चारवर असेल तर भुते 24 ते 44 ठोकळ्यांच्या पट्ट्यातच जन्मतात, त्यापुढे नाही. व्हिडिओ संगणकाचा होता, तिथे हा पल्ला 128 पर्यंत आहे. जवळ उभा राहिला तेव्हाही चुकले, लांब गेला तेव्हाही चुकले. बापलेकांनी पावले मोजीत मचाण तीस-पस्तीस ठोकळ्यांवर आणले आणि पहिला झाँबी धपकन खाली पडला. आई सांगत होती, दोघेही असे ओरडले की शेजारीण काय झाले म्हणून पाहावयास आली.

आणखीही फॉल्ट असतात. खेळ 'पीसफुल' या शांत पातळीवर ठेवला असेल तर भुते मुळीच येत नाहीत. हे इतके साधे की कोणी पाहतच नाही. फरशी काचेची किंवा खाली टेकलेल्या अर्ध्या ठोकळ्यांची असेल तर तिच्यावर भूत जन्मत नाही. आणि संख्येचे काय? खेळ एका वेळी ठराविकच भुते ठेवतो. कारखान्याखालच्या अंधाऱ्या गुहा भुतांनी भरल्या असतील तर तुमच्या मांडवाचा वाटा त्यांनीच खाल्ला. यावर दोन उपाय : गुहांत मशाली लावीत फिरणे, नाहीतर कारखाना इतका उंच बांधणे की मचाणावरून गुहा पल्ल्याबाहेर जातील. पहिला उपाय कंटाळवाणा आहे, आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे आहोत.

भुते जन्मली पण मांडवावरच उभी राहिली तर पाण्याचा उतार पाहावा. नालासोपाऱ्याच्या माणसाला पाणी कुठे तुंबते हे शिकवावे लागू नये. सपाट जागेवर या खेळातले पाणी उगमापासून पुढे सात ठोकळे जाते आणि थांबते, म्हणून पाट उगम धरून आठ ठोकळ्यांचा. नववा काढलात तर भूत तिथेच कोरडे उभे. कोळ्याचा त्रास निराळा. तो भिंतीला चिकटून चढतो आणि खड्ड्याचे तोंड अडवतो. संगणकाच्या आवृत्तीत फरशीवर मध्ये मध्ये अडथळे ठेवून तीन बाय तीनची मोकळी जागा शिल्लक ठेवली नाही तर कोळी जन्मत नाही. इतरांनी अधूनमधून वर जाऊन खड्डा मोकळा करावा.

खड्ड्याची खोली हा हिशेबाचा भाग आहे आणि तो मुलाकडूनच करवून घ्यावा. झाँबी, सांगाडा, क्रीपर यांच्या अंगात 20 गुण जीव. पडण्याचे पहिले तीन ठोकळे माफ, पुढे प्रत्येक ठोकळ्याला एक गुण वजा. 22 ठोकळ्यांवरून पडले तर 19 गेले, एक उरला. मग एका फटक्यात काम होते. 23 केले की पडताक्षणी मरते. माल मिळतो, पण खेळाडूने स्वतः मारल्याशिवाय अनुभवाचे गुण मिळत नाहीत. काय हवे ते आधी ठरवावे.

माल पेटीत येत नसेल तर हॉपर पाहावा. प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर काम करणाऱ्या आमच्या वाचकांना हॉपर काय ते सांगावयास नको. इथेही तेच, वरून घेतो आणि खाली सोडतो, फक्त त्याची नळी पेटीकडे वळलेली हवी. पेटी भरली की माल बाहेर पडून राहतो आणि पाच मिनिटांनी नाहीसा होतो.

काही मुलांना गुहेत तयार 'स्पॉनर' म्हणजे भुते जन्मविणारा पिंजरा सापडतो. त्याचा नियम उलटा : खेळाडू 16 ठोकळ्यांच्या आत असला तरच तो चालतो. शेजारी मशाली राहिल्या असतील तर काढाव्यात. आणि तो चुकून फोडू नये, उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

"हे करून पोटाला काय मिळते?" असे विचारणारे बाप आहेत, आणि तो प्रश्न रास्त आहे. दहावीच्या वर्षात हा खेळ नकोच, असे आमचे स्पष्ट मत. पण एवढे सांगतो की 2012 पासून संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने मोजांगबरोबर हाच खेळ गरीब वस्त्यांतील मोकळ्या जागा आखण्यासाठी वापरला आहे. आपल्या गोवंडीत लोटस गार्डनच्या आखणीत 'युवा' संस्थेच्या साहाय्याने तेथील रहिवाशांनी याच ठोकळ्यांत आपली बाग मांडून दाखविली होती. नकाशा न कळणाऱ्या बाईलाही ठोकळ्यांचे झाड कळते.

शेवटी मोबाईलबद्दल. खेळ विकत घ्यावा लागतो, म्हणून मुले कुठून तरी 'फुकट' प्रत उतरवून घेतात. अशी प्रत कधी कधी संदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि त्याच मोबाईलवर आईच्या बँकेचे संदेश येतात. घरकाम करून, फॅक्टरीत उभे राहून मिळविलेले पैसे त्यात आहेत. अशी प्रत सापडली तर पोराला न मारता ती त्याच्याच हाताने काढावयास लावावी. आणि रात्रभर कारखाना चालेल या आशेने मोबाईल चार्जिंगला लावून उशीखाली ठेवणाऱ्यांना सांगावे की पडदा बंद झाला की खेळ थांबतो, एकही भूत जन्मत नाही. पडदा चालू ठेवला तर मोबाईल तापतो, बॅटरी फुगते. तो रात्री फळीवर ठेवावा. सकाळी पाच बाविसच्या लोकलला निघणाऱ्याला तो भरलेला लागतो.