निकालाआधीची शिक्षा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील फिटर, टर्नर आणि वेल्डर यांना परदेशची नोकरी आता अप्राप्य राहिलेली नाही. आखाताची वाट तर जुनीच. त्यात २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार करून पथदर्शी प्रयोग म्हणून १०,००० कुशल कामगार पाठविण्याचे योजिले. हातात कसब असलेल्या तरुणाने चार पैसे अधिक मिळविण्यासाठी समुद्र ओलांडावा यात आम्हांस काहीच वावगे दिसत नाही. परंतु या तरुणांपैकी काहींची वाट विमानतळावर नव्हे, तर घराजवळच्या पोलीस ठाण्यातच अडते. त्यांच्या नावावर केव्हातरी एक गुन्हा नोंदलेला असतो.

हा गुन्हा बहुधा कोणत्या जातीचा असतो हे पाहणे अगत्याचे आहे. कारखान्याच्या दारात संपाच्या वेळी झालेली ढकलाढकल, मिरवणुकीतील हाणामारी, रास्ता रोको. आणि २०२० सालच्या टाळेबंदीत घराबाहेर पडल्याबद्दल तत्कालीन दंडविधानाच्या १८८ व्या कलमाखाली झालेली नोंद. दरोडेखोर आणि हा मुलगा यांच्यात काय साम्य आहे? तथापि परदेशी मालकास किंवा वकिलातीस हवा असलेला पोलिसांचा दाखला मागावयास दोघेही एकाच खिडकीशी उभे राहतात.

कायदा मात्र लोक समजतात तितका निष्ठुर नाही. १९६७ च्या पारपत्र कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत दोषी ठरून किमान दोन वर्षांची कैद झाली असेल तर पारपत्र नाकारता येते. म्हणजे किरकोळ मारामारीत दंड भरून सुटलेल्याचे पारपत्र या कारणावरून अडत नाही. नुसती फिर्याद नोंदली गेली म्हणजे खटला प्रलंबित आहे असेही होत नाही; त्यासाठी न्यायालयाने दखल घ्यावी लागते. आणि खटला खरोखरच प्रलंबित असला तरी, २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याच न्यायालयाची परवानगी आणल्यास पारपत्र मिळू शकते. न्यायालयाने मुदत सांगितली नसेल तर ते एका वर्षापुरते असते. परदेशगमनाचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग सॉहनी यांच्या आणि १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

मग अडते कोठे? अडते ते दिरंगाईत. ज्याला शिक्षा झाली त्याची पाच वर्षे कधीतरी भरतात. ज्याचा निकालच लागत नाही त्याची प्रतीक्षा कधी भरावयाची? दोषी ठरलेल्यास मुदत आहे, निर्दोष असू शकणाऱ्यास नाही, असा हा उफराटा न्याय आहे. एका वर्षाच्या पारपत्रावर दोन-तीन वर्षांच्या करारासाठी कोणता मालक माणूस घेईल? टाळेबंदीतील १८८ खालील खटले मागे घेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२२ मध्ये घेतला, तो स्तुत्यच होता. परंतु मंत्र्यांची घोषणा झाली म्हणजे खटला संपला असे होत नाही. सरकारी अभियोक्त्याने अर्ज करावयाचा आणि न्यायालयाने संमती द्यावयाची, तेव्हा कोठे तो मिटतो. तो मिटला की नाही, याची चौकशी आपल्या तरुणांनी वेळीच केलेली बरी.

याहून घातक असतात ते सल्लागार. ‘रकान्यात नाही म्हणून लिहा, कोण पाहतो?’ असे सांगणारे दलाल कमी नाहीत. पारपत्राच्या अर्जात खोटी माहिती देणे हाच दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हे ते सांगत नाहीत. अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज तर केवळ शिक्षा नव्हे, अटकही विचारतो, आणि माफी मिळाली असली तरी विचारतो. तेथे लबाडी उघडी पडली तर कायमची अपात्रता येऊ शकते. ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत दार बंद होते. जो गुन्हा सांगूनही निभावला असता, तो लपविल्यामुळे मारक ठरतो. निकालाची प्रमाणित प्रत जोडून खरे ते लिहावे, हाच शहाणपणाचा मार्ग.

आम्ही शाळामास्तरकी केली त्या काळी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असे. पाचवीत बाक मोडणाऱ्या मुलाच्या नावापुढेही अकरावीच्या शेवटी ‘चांगली’ हाच शब्द पडे, आणि त्यात कोणी मास्तर खोटेपणा करीत नसे. राज्याला हे जमू नये काय? अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत २०१५ च्या बालन्याय कायद्याने ते बव्हंशी जमविले आहे. परिवीक्षेवर सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये, असे १९५८ चा कायदाही सांगतो. परंतु ब्रिटनने १९७४ मध्ये केला तसा, ठराविक काळानंतर जुनी शिक्षा नोकरीच्या बाबतीत झाली नाही असे समजणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. परदेशी वकिलाती त्याला मान देतीलच असे नाही; ब्रिटननेही व्हिसाच्या प्रश्नात तो बाजूस ठेवला आहे. तरी आपल्या घरचा हिशेब आपण का मिटवू नये?

तोवर नाशकात करता येण्याजोगे बरेच आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये औद्योगिक कामगारास मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि तो मिळकतीवर अवलंबून नाही. अंबडच्या किती कामगारांस हे ठाऊक असेल? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने न्यायालयाच्या आवारात वाट पाहत न बसता वसाहतीतच ठरलेल्या वारी बैठक भरवावी, तडजोडयोग्य प्रकरणे लोकअदालतीपुढे न्यावीत आणि पारपत्रासाठी परवानगीचे अर्ज तेथेच लिहून द्यावेत. कामगार संघटनांनी पुढच्या पगारवाढीच्या मागणीपत्रासोबत आपल्या सभासदांवरील संपकाळातील खटल्यांची यादीही जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती ठेवावी.