निष्क्रिय खाते पुन्हा सुरू करताना



बँकेत पस्तीस वर्षे इतरांचे हिशेब तपासले. स्वतःच्या शरीराचा हिशेब मात्र निवृत्तीनंतरच उघडून पाहिला. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये केलेल्या तपासणीत एचबीएवनसी ६.३ आले. ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी सांगते. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. माझे वडील आणि थोरले बंधू दोघेही या विकाराने पीडित होते. बंधूंच्या पायाची न भरणारी जखम मी अनेक महिने जवळून पाहिली होती. अहवाल वाचताना मला तोच पट्टी बांधलेला पाय आठवला.

दुसऱ्या दिवशी मी घरात जाहीर केले की, पोळी, भाकरी, भात, साखर आणि फळे आजपासून बंद. कंदमुळे आपल्या स्वयंपाकघरात नसतातच. उरले पनीर, बदाम, अक्रोड, खोबरे, तूप, थोडी डाळ आणि भाज्या. त्यातही चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य आणि तिथीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणजे अनेक दिवशी ताटात केवळ पनीर आणि बदाम. तरीही मी नेटाने आठ महिने काढले. वजन ८२ किलोवरून ७३ वर आले, एचबीएवनसी ५.८ झाले. स्नेहीजनांना मी अभिमानाने उपदेशही करू लागलो होतो.

अशातच चैत्राची ओळी आली. माझी पत्नी गेली बावीस वर्षे चैत्र आणि आश्विन या दोन्ही ओळ्यांची नऊ-नऊ आयंबिले करते. शेवटच्या दिवशी मीही तिच्यासोबत एक आयंबिल करतो, हा आमचा परिपाठ. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर या विगयी नाहीत, हिरवी भाजी नाही. केवळ धान्य आणि कडधान्य, तेही दिवसातून एकदाच. माझे नवे ताट याच्या नेमके उलटे होते. त्यामुळे आश्विनात मी बसलो नव्हतो. चैत्रात ती म्हणाली, "अहो, एक दिवस तरी बसा. एकटीने शेवटचे आयंबिल करताना चुकल्यासारखे होते."

पौर्णिमेला मी बसलो. ज्वारीची भाकरी, वाफवलेला भात, मुगाचे वरण. आठ महिन्यांनी भाकरीचा वास घेतला आणि दोन भाकऱ्या कशा संपल्या ते कळले नाही. दोन तासांनी ग्लुकोमीटर लावला तेव्हा आकडा आला २१८. त्या रात्री मला झोप लागली नाही. पत्नी सकाळी एवढेच म्हणाली, "माझ्या हट्टापायी झाले. पुन्हा म्हणणार नाही." मला त्या आकड्यापेक्षा हे वाक्य अधिक लागले.

आमच्या डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, एखाद्या खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहारच केला नाही, तर बँक काय करते?" मी म्हणालो, "खाते निष्क्रिय होते. ते पुन्हा सुरू करायला कागदपत्रे द्यावी लागतात." "पण खाते बंद झालेले असते का?" "नाही." "तुमचेही तसेच समजा."

त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक कुटुंबाला उपयोगी पडावे, म्हणून येथे मांडतो. कर्बोदके फार कमी झाली की शरीर मुख्यतः चरबी जाळू लागते. उपलब्ध असलेली थोडी साखर मेंदूसाठी राखून ठेवावी म्हणून स्नायू ती घेणे कमी करतात. जेवणाबरोबर लगेच स्रवणारे इन्सुलिनही मंदावते. अशा अवस्थेत अकस्मात भात-भाकरी पोटात गेली की ती साखर रक्तातच रेंगाळते. म्हणूनच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून जी चाचणी करतात, तिच्या आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा संकेत आहे. तसे न केल्यास निरोगी माणसाचा आकडाही फसवा येऊ शकतो. मी तर आठ महिन्यांनी, दिवसाचे सारे अन्न एकाच वेळी, सोबत भाजी किंवा कोशिंबीर नसताना घेतले होते.

मात्र डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही. "निष्क्रियतेमुळे चढलेला भाग काही दिवसांत उतरेल. तुमची मूळची जी प्रवृत्ती आहे, ती राहील. दोन्ही रकमा वेगळ्या केल्याशिवाय ताळेबंद मांडू नका," असे ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही सहा आठवड्यांचा क्रम आखला. पहिल्या आठवड्यात दुपारी केवळ अर्धी भाकरी. दुसऱ्या आठवड्यात एक. तिसऱ्यात सायंकाळी एक फुलका. चौथ्यात दुपारी भाकरीसोबत अर्धी वाटी भात. पुढील दोन आठवडे तेथेच स्थिर राहून एखादा पेरू किंवा संत्रे. जेवणानंतर दोन तासांनी १६० ही मर्यादा डॉक्टरांनी माझ्यापुरती ठरवून दिली होती. सलग दोन दिवस ती ओलांडली तर पुढची पायरी चढायची नाही. दुसऱ्या आठवड्यात मी पाच दिवस तसाच अडकलो होतो.

याच काळात वजन दीड किलोने वाढले आणि मी पुन्हा घाबरलो. तेव्हा कळले की, स्नायू आणि यकृत साखरेचा साठा करतात तो पाण्यासह. एक ग्रॅम साठ्यामागे साधारण तीन ग्रॅम पाणी. ती वाढ चरबीची नव्हती.

दोन सवयींनी सर्वाधिक साहाय्य केले. पहिली जेवणाच्या क्रमाची. आधी कोशिंबीर व भाजी, मग वरण किंवा उसळ आणि शेवटी भाकरी-भात. तेच अन्न या क्रमाने घेतले तर साखर कमी चढते. दुसरी सवय जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्याची. चालते स्नायू रक्तातील साखर उचलतात. आपल्यातील अनेक जण दुपारी तीन वाजता दुकानातच डबा उघडतात आणि लगेच गादीवर टेकतात. मध्ये गोड चहा आणि फरसाण चालूच. त्यांनी निदान बाजारपेठेच्या टोकापर्यंत जाऊन यावे. चौविहार पाळणाऱ्यांना तर सूर्यास्तापूर्वीच जेवण होत असल्याने चालण्यासाठी संध्याकाळ मोकळी मिळते.

एक सावधानता आग्रहाने सांगतो. मला औषधे चालू नव्हती. जे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी धान्य कमी करताना वा वाढवताना डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेतलीच पाहिजे. अन्यथा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू किंवा चढू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके एकदम तोडणे किंवा दीर्घ उपवास करणे जोखमीचे आहे. आणि अठाई, मासक्षमण अशा दीर्घ तपश्चर्येनंतर पारण्याला मुगाचे पाणी देण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत वैद्यकीयदृष्ट्याही शहाणपणाची आहे. त्या वेळी एकदम पोटभर गोडधोड दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखे क्षार अचानक घटून जिवावर बेतू शकते.

सप्टेंबरमध्ये पुन्हा तपासणी केली. एचबीएवनसी ५.९, वजन ७५. पनीर-बदामांच्या दिवसांपेक्षा दशांशाने अधिक. पण हे ताट मी आयुष्यभर वाढून घेऊ शकतो, आणि ते घरातील इतरांच्या ताटासारखेच आहे. सूनबाईंचा दुहेरी स्वयंपाकही थांबला.

नुकत्याच झालेल्या आश्विन ओळीच्या शेवटच्या दिवशी, डॉक्टरांना विचारून, मी पत्नीशेजारी आयंबिलाला बसलो. आधी मूग, मग एक भाकरी, दोन घास भात. नंतर दोघे मिळून सोसायटीच्या आवारात फिरलो. आकडा १५४ आला. तिने तो विचारला नाही. जेवताना फक्त, "आणखी एक भाकरी वाढू का?" असे विचारले होते. भूक थोडी शिल्लक होती. ऊनोदरी हेही तपच आहे, हे स्मरून मी म्हणालो, "नको, आज एवढीच पुरे."