ढिगाऱ्यातला ओपल आणि पेटीतला नमुना नंबर १७

'नूडलिंग' म्हटलं की हॉस्टेलच्या पब्लिकला रात्री दीडची मॅगीच आठवणार! पण दक्षिण ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचं गाव आहे. तिथे नूडलिंग म्हणजे खाणीबाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात ओपल शोधत बसणं. ॲडलेडपासून साडेआठशे किलोमीटरवर, रणरणत्या उन्हात लोक चाळणी, छोटी कुदळ आणि पाण्याची बाटली घेऊन हौसेने हे करतात. माझा मावसभाऊ सुट्टीत दोन दिवस जाऊन आला. मिळालं काय, तर मूठभर करडे-दुधी तुकडे. विकायला नेले तर कोणी कटिंग चहासुद्धा पाजणार नाही! तरी स्वारी खूष. आमच्या घरी सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. मला मात्र वाटलं, हे वेड आपल्या कॉलेजात हवं, आणि सिव्हिलला तर हवंच हवं. का, ते सांगते.

आपल्याकडे ओपल म्हणजे शुक्राचं रत्न. ज्योतिषी सांगतात आणि लोक अंगठीत घालतात. 'ओपल' हा शब्द संस्कृत 'उपल'वरून गेला असावा असं मानतात, आणि उपल म्हणजे साधा दगडच! (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा शब्द मला ओपलमुळेच कळला.) केमिस्ट्रीच्या भाषेत ओपल म्हणजे सिलिका आणि त्यात अडकलेलं पाणी, साधारण ३ ते १० टक्के. कूबर पेडीला पाण्याबरोबर सिलिका खडकातून झिरपत खाली गेली, भेगांमध्ये साठली आणि हळूहळू घट्ट झाली. मग त्यात इंद्रधनुष्यासारखे रंग कुठून येतात? १९६४ साली ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ओपल पाहिला, तेव्हा सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे दिसले, पीटीच्या तासाला उभं केल्यासारखे ओळीत. गोळे एकसारख्या आकाराचे आणि रांगेत असले की त्यांच्यातून प्रकाशाचं डिफ्रॅक्शन होतं आणि रंग दिसतात. गोळे लहानमोठे, कसेही पडलेले असले तर रंग नाही. अशा बिनरंगी ओपलला तिथले लोक 'पॉच' म्हणतात. मावसभावाला मिळाला तो हाच. म्हणजे मटेरियल तेच, फक्त मांडणी वेगळी. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं डिफ्रॅक्शन असं कोणी दाखवलं असतं तर!

या गावाची सुरुवातही मजेशीर आहे. १९१५ साली सोनं शोधायला निघालेल्या एका तुकडीतल्या १४ वर्षांच्या विली हचिसन या मुलाला तिथे ओपल सापडला. सोनं राहिलं बाजूला, ओपलचं गाव वसलं. उन्हाळा इतका कडक की बरेच लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. हौशी माणसाला खाणीत उतरायची गरज नसते. मशीनच्या नजरेतून सुटलेलं तो ढिगाऱ्यात शोधतो. माती चाळायची, खडा ओला करायचा, उन्हात धरून हळूहळू फिरवायचा, कारण रंग एखाद्याच कोनातून चमकतो. काही जण अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिवा वापरतात, त्यात काही ओपल चमकून उठतात. नियमही आहेत. सगळ्यांसाठी मोकळी ठेवलेली जागा वेगळी, दुसऱ्याच्या हक्काच्या जागेत विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि उलटं चालायचं नाही! उघड्या खड्ड्यांमुळे तिथे तशा पाट्याच लावल्या आहेत. फोटो काढताना मागे सरकलात की संपलं.

आता आपल्याकडे या. सेकंड इयरला जिऑलॉजी असतं. लॅबमध्ये एक लाकडी पेटी, त्यात नंबर चिकटवलेले दगड. ओरलच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये जप चालतो, "नंबर १७, कोपरा तुटलेला, स्टिल्बाईट. नंबर २२, पिवळा डाग, जास्पर." उद्या कोणी ते नंबर खरवडून काढले तर अख्खी बॅच अनाथ होईल! वर्षभर जर्नल लिहिलं, टर्मवर्क मिळालं, आणि रस्त्यात पडलेला दगड मात्र दगडच राहिला. यात सरांचा दोष नाही. एका तासात साठ जणांना तीस नमुने दाखवायचे तर दुसरं काय करणार? पण पाहायला शिकणं राहून जातं, हे खरं.

"राहिलं तर राहिलं, प्लेसमेंटला कोण दगड विचारतो?" हा प्रश्न मला मेसमध्ये हमखास येतो. त्याला माझं उत्तर ओपलच आहे. अंगठीतला हा देखणा दगड काँक्रीटमध्ये व्हिलन असतो. खडी-वाळूत ओपल असेल तर सिमेंटमधल्या अल्कलीशी त्याची रिॲक्शन होते, जेल तयार होतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि काही वर्षांनी चांगलं काँक्रीट आतून तडकतं. कॅलिफोर्नियात थॉमस स्टँटन या इंजिनिअरने १९४० साली हे दाखवून दिलं. ओपलचा भाऊ कॅल्सेडनी, तोही संशयितांच्या यादीत आहे. म्हणजे साईटवर आलेल्या खडीकडे पाहून "ही लॅबला पाठवा" असं म्हणणारी नजर लागते. ती नजर नंबर पाठ करून येत नाही, ढिगाऱ्यात बसून येते.

आणि ढिगाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढायला नको. आपण ज्या बेसॉल्टवर राहतो तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पाण्याबरोबर आलेल्या सिलिकाने त्यांत गारगोटी, अकीक, कॅल्सेडनी भरली. कुठे झिओलाईट बसले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साईट जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. नाशिकजवळ सिन्नरला 'गारगोटी' नावाचं खास म्युझियम आहे. आणि आपण? तसल्याच खाणीतली २० एमएम खडी काँक्रीट लॅबमध्ये चाळतो, वजन लिहितो आणि निघतो. सीव्ह ॲनालिसिस म्हणजे नूडलिंगच की हो, फक्त चाळणीत काय उरलं ते कोणी पाहत नाही.

म्हणून डिपार्टमेंटला दोन विनंत्या. एक, प्रत्येक टर्ममध्ये एक रविवार, मालकाची लेखी परवानगी घेऊन, सुरुंगाचं काम बंद असताना, हेल्मेट घालून खाणीची व्हिजिट. कड्याला हात लावायचा नाही, फक्त टाकलेल्या ढिगाऱ्यात शोधायचं. किल्ले, लेणी आणि लोणारसारख्या जपलेल्या जागी तर खडाही उचलायचा नाही. दोन, लॅबमध्ये एक रिकामं कपाट. त्यात नंबर नको. कुठे सापडला, कोणी ओळखला आणि कशावरून, एवढंच चिठ्ठीवर. ओरलला त्यातलाच एखादा चिठ्ठी काढून समोर ठेवावा आणि कसोट्या विचाराव्यात: नखाने चरा पडतो का, काचेवर उमटतो का, तुटलेली कड कशी आहे?

यातून पैसे मिळतील का? नाही. बहुतेक वेळा पॉचच मिळेल. रेक्टर मॅडमनी खोलीतल्या दगडांना "कचरा" म्हणू नये, एवढी मात्र त्यांनाही नम्र विनंती! ढिगाऱ्यात तास घालवून हात रिकामा राहिला तरी शंभर दगड नीट पाहिलेले असतात. पेटीत तीसच आहेत. कोण येतंय बोला. पाच नावं जमली तरी मी परवानगीचा अर्ज टाईप करायला घेते.