राखणदाराची राखण

गेल्या महिन्यात सुरंगीला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. त्याचे काका वारले. तेराव्याला जाणं जमलं नव्हतं, म्हणून नंतर भेटायला गेलो. चहा झाला, काकांच्या आठवणी निघाल्या, आणि मग तो आत जाऊन एक पुडकं घेऊन आला. तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. टेबलावर ठेवत म्हणाला, ‘‘सर, तुम्ही इतिहासाचे. हे काय आहे ते तुम्हीच सांगा.’’

फडकं उलगडलं तर आत एक लहानसं काळं पिस्तूल. तळहातावर मावेल एवढं, कडा गोल, कुठेही टोक नाही. मुठीवर ‘एफ’ आणि ‘एन’ ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली. बेल्जियममधल्या लिएज शहराजवळच्या कारखान्याची ती खूण. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने आखलेलं हे १९१० सालचं मॉडेल. सर्वसाधारण वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, बोअर बत्तीसचा, म्हणजे ७.६५ मिलिमीटर, आणि मॅगझिनमध्ये सात गोळ्या.

मी विचारलं, ‘‘रिकामं आहे ना?’’ तो म्हणाला, ‘‘हो सर, मॅगझिन केव्हाच काढलंय.’’ मी काही हात लावला नाही. त्यालाही लावू दिला नाही. शेजारी लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात, त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, पिस्तुलाचं तोंड बाहेरच्या मातीच्या ढिगाकडे धरलं आणि वरचा भाग मागे ओढला. टण्णकन आवाज होऊन एक पितळी काडतूस फरशीवर पडलं. सात वर्षांचा नातू ते उचलायला धावला. त्याच्या आजीने त्याचा दंड इतका घट्ट धरला की पोरगं कळवळलं. नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

वाचकहो, आजचा लेख त्या काडतुसाचा आहे.

काकांनी हे घेतलं कशाला, ते आधी सांगायला हवं. १९८० च्या दशकात करसवलतींमुळे आपल्या दादरा-नगर हवेलीत कारखाने येऊ लागले. काकांनी मजूर पुरवण्याची ठेकेदारी घेतली. महिन्याच्या सात तारखेला बँकेतून रोकड काढायची, स्कूटरच्या डिकीत घालायची आणि दिवेलागणीच्या आत माणसांना वाटायची. वाटेत जंगल, रस्ता निर्मनुष्य. त्यांनी रीतसर परवाना काढला आणि मुंबईच्या एका दुकानातून हे जुनं पिस्तूल विकत घेतलं. परवान्याचं नूतनीकरण त्यांनी कधी चुकवलं नाही. पिस्तूल मात्र एकदाही वापरायची वेळ आली नाही.

आता पुतण्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, वारस म्हणून अर्ज करायचा आणि हेच ठेवायचं. दुसरी, हे विकून आपल्या परवान्यावर स्वस्तातलं देशी घ्यायचं. वापीचे एक शौकीन परवानाधारक काही लाख द्यायला तयार होते. तिसरी वाट एका ‘हितचिंतका’ने सुचवली होती, ‘‘कशाला एवढे कागद रंगवता? पंधरा-वीस हजारांत मी आणून देतो.’’ या तिन्हींचा हिशेब मांडायला त्याने मला बसवलं. मी तज्ज्ञ नव्हे, पण या लहान पिस्तुलांचा इतिहास मात्र मी पुष्कळ वाचला आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या मराठी मुलखातलाच आहे.

१९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं घेऊन मुंबईला उतरला. ती सावरकरांनी पाठवली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरे या विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंगमधूनच. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. खिशात मावणारं, एकामागून एक गोळी सोडणारं पिस्तूल त्या काळी अगदी नवी वस्तू होती. बारा वर्षं आधी, १८९७ साली चापेकरांनी रँडवर हल्ला केला तेव्हा ब्राउनिंगचं हे पिस्तूल बाजारात आलेलंच नव्हतं.

याच ब्राउनिंगच्या आराखड्यावर अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९०३ साली बत्तीस बोअरचं पिस्तूल काढलं. त्याचा घोडा आत झाकलेला असतो, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या. १९३१ च्या २७ फेब्रुवारीला अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझादांच्या हातात होतं ते हेच कोल्ट. ते आजही तिथल्या संग्रहालयात पाहायला मिळतं. त्याच सुमारास जर्मनीत वॉल्थर कंपनीचं ‘पीपीके’ आलं. आपल्या पिढीला ते जेम्स बाँडमुळे ठाऊक. १९६२ च्या ‘डॉ. नो’ चित्रपटात त्याचा साहेब त्याच्याकडचं बेरेटा काढून घेतो आणि हातात वॉल्थर देतो, तेव्हापासून शौकिनांच्या मनात ते जे बसलं ते बसलंच. त्याचं वैशिष्ट्य असं की पहिली गोळी झाडायला घोडा आधी हाताने मागे ओढावा लागत नाही, नुसता चाप ओढला तरी चालतो. जुन्या ब्राउनिंगमध्ये आणि कोल्टमध्ये ही सोय नव्हती.

स्वस्त पर्यायाची कथाही तितकीच जुनी आहे. स्पेनमधल्या एबार गावचे कारागीर ब्राउनिंगच्या नकला करण्यात पटाईत होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या सैन्याला पिस्तुलं कमी पडली, तेव्हा एबारच्या ‘रूबी’ पिस्तुलांची मागणी इतकी वाढली की गावातल्या अनेक लहानमोठ्या कारखान्यांनी ती बनवायला घेतली. नाव एक, चेहरा एक, पण एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलाला बसेलच असं नाही. काही नग उत्तम निघाले, काही भरवशाचे नव्हते. स्वस्त पर्याय घेताना नाव न पाहता तो कुणी आणि कसा बनवला हे पाहावं, हा धडा एबारने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे.

आपल्याकडे बाजाराचं गणित मात्र उलटं आहे. खाजगी माणसाला परदेशी शस्त्र आयात करण्याची वाट सरकारने १९८० च्या दशकात जवळजवळ बंद केली. नऊ मिलिमीटरचा बोअर सामान्य माणसाला निषिद्ध. त्यामुळे बत्तीस बोअरची जी जुनी ब्राउनिंग, कोल्ट, वॉल्थर देशात आहेत तीच या हातातून त्या हातात फिरतात. परदेशात ज्या जुन्या पिस्तुलाचं फारसं कौतुक नाही, त्याला इथे लाखांनी पैसे मोजले जातात. ती किंमत दुर्मिळतेची आहे. शंभर वर्षांची स्प्रिंग दमलेली असते, सुटे भाग मिळत नाहीत, आणि लाख मोजले म्हणून ती तरुण होत नाही.

त्यासमोर उभं आहे कानपूरचं सरकारी रिव्हॉल्वर. तेही बत्तीस बोअरचंच, सहा गोळ्यांचं, जुन्या इंग्रजी वेब्लीच्या वळणाचं. दिसायला ओबडधोबड, खिशात फुगून दिसणारं. पण नवं, तपासणीचा शिक्का असलेलं, आणि जुन्या वॉल्थरच्या मानाने कितीतरी स्वस्त. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिस्तूलही बत्तीसचं आणि रिव्हॉल्वरही बत्तीसचं, तरी दोघांची काडतुसं वेगळी. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. २०१४ साली कानपूरहूनच ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्वर आलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅम वजनाचं, खास स्त्रियांसाठी म्हणून. किंमत होती १ लाख २२ हजार ३६० रुपये. ज्या बाईला रात्रपाळी करून शेवटच्या बसने घरी यावं लागतं तिच्या पर्सला ते परवडेल का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. २०२१ पासून हे सरकारी कारखाने वेगवेगळ्या कंपन्यांत विभागले गेले आहेत, आणि आता खाजगी कारखान्यांनाही परवाने मिळू लागले आहेत. म्हणजे पर्याय वाढले आहेत.

राहिली तिसरी वाट, गावठी कट्ट्याची. त्याला मी पर्यायच म्हणत नाही. नळी कसल्या लोखंडाची ते बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही, तपासणी कुठलीच नाही. तो कधी चालत नाही, आणि कधी चालवणाऱ्याच्याच हातात फुटतो. शिवाय नुसता जवळ बाळगला तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद. पंधरा हजारांत मिळणारी ही वस्तू सगळ्यात महाग पडते. हे ऐकून माझा विद्यार्थी हसला, पण त्या हितचिंतकाचा फोन त्याने पुन्हा घेतला नाही.

हा सगळा हिशेब मी मोठ्या उत्साहाने मांडला. शेवटी सुभेदारांना विचारलं, ‘‘तुमच्या मते घरात काय बरं?’’ ते म्हणाले, ‘‘सर, रिव्हॉल्वर उघडलं की गोळ्या डोळ्यांना दिसतात. पिस्तुलाचं तसं नाही. मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीच्या तोंडाशी बसून राहते, आणि माणूस म्हणतो रिकामं आहे. आत्ता पाहिलंत ना?’’

इतका वेळ दाराशी बसून ऐकणाऱ्या काकू तेव्हा पहिल्यांदा बोलल्या.

‘‘सर, तुम्ही एवढ्या किमती सांगितल्यात, माझीपण एक ऐका. ह्यांनी ते आणलं तेव्हापासून कपाटाची चावी माझ्या कमरेला आहे. आंघोळीला जाताना सोबत, माहेरी जाताना सोबत. आधी पोरं लहान होती म्हणून, मग सुना आल्या म्हणून, आता नातू आहे म्हणून. घरात भांडण झालं की माझा हात आधी चावीवर जायचा. ते आमची राखण करणार होतं म्हणे. तीस वर्षांच्या वर मीच त्याची राखण केली.’’

या खर्चाचा रकाना माझ्या हिशेबात नव्हताच.

मी पुतण्याला विचारलं, ‘‘मजुरांचे पगार आता कसे देतोस?’’ तो म्हणाला, ‘‘सर, सगळे खात्यात जमा होतात. रोकड हातात असते ती डिझेलपुरती.’’ म्हणजे ज्या सात तारखेसाठी पिस्तूल आलं ती सात तारीखच आता उरली नव्हती. मग घ्यायचं कशासाठी? तो जरा थांबून म्हणाला, ‘‘काकांचं होतं म्हणून. आणि खरं सांगू? कमरेला असलं की लोक जरा वेगळं बघतात.’’ त्याने हे प्रामाणिकपणे सांगितलं याचं मला बरं वाटलं.

तेव्हा मी त्याला आपल्याच मातीतली गोष्ट आठवून दिली. दोन ऑगस्टला आपण दरवर्षी मुक्तिदिन साजरा करतो. १९५४ साली सुधीर फडक्यांसारख्या माणसांनी या कामासाठी पैसा उभा करायला पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम घडवून आणला. शस्त्रं मिळाली ती मोजकीच. जुलैमध्ये दादरा, मग नरोली, आणि दोन ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो खानवेलच्या बाजूला निघून गेला आणि ११ ऑगस्टला उदव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. दादऱ्याच्या चौकीवर मात्र अनिसेतो रोझारियो हा पोलीस अधिकारी मारला गेला. तोही कुणाच्या तरी घरचा होता. त्या मुक्तिसैनिकांनी शस्त्र हाती घेतलं ते एका कामापुरतं. काम झाल्यावर बहुतेक जण आपापल्या घरी, आपापल्या पोटापाण्याला लागले. फडके पुन्हा पेटीवर बसले. लोकांनी त्यांच्याकडे वेगळं पाहिलं ते त्यांनी केलेल्या कामामुळे.

कायदाही इथे स्पष्ट आहे. परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं, पावती घ्यायची, आणि मग वारसाने ठेवायचं की विकायचं ते ठरवायचं. आमच्या भागात कितीतरी घरांत आजोबांची, काकांची शस्त्रं ‘बघू नंतर’ म्हणून माळ्यावर पडून आहेत. त्यांच्या नळीत काय आहे ते कुणी पाहिलंय? पाहायला स्वतः जाऊ नका. ठाण्यात कळवा, जाणत्या माणसाला बोलवा.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः पोलीस ठाण्यात गेल्या. पुतण्या आणि सुभेदार बरोबर होते. पंचनामा झाला, पावती मिळाली. पुढे ते पिस्तूल वापीच्या शौकिनाकडे रीतसर जाईल की अर्ज करून घरी परत येईल, हे अजून ठरलेलं नाही. पुतण्याचं मन थोडं अडकलेलं आहे, आणि मी त्याला दोष देत नाही. वडीलधाऱ्यांची वस्तू आहे.

परवा त्याचा फोन आला. कामाचं बोलून झाल्यावर म्हणाला, ‘‘सर, काकू आता चावी खुंटीला अडकवून ठेवतात. काल तर चक्क कपाटालाच लावून देवळात गेल्या होत्या.’’