चहासोबत थायरॉईडची गोळी

दोन वर्षं माझी आई थायरॉईडची गोळी चहासोबत घेत होती, मागोमाग कॅल्शियमची. थकवा जाईना, केस गळतायत, टीएसएच उतरेना. दवाखान्यात डोस वाढवला आणि वर तिलाच दटावलं, "गोळ्या चुकवताय काय वो?"

गोळी उपाशीपोटी, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम चार तासांनी. हे सगळं कागदावर होतं, फक्त कन्नडमध्ये! तोंडी सांगायला कुणाला वेळ? बेळगावातच मराठी शाळेत शिकलेल्या बाईचा हा गुन्हा?

जिल्ह्यात किमान १५ टक्के लोकांची भाषा असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे आम्ही राज्यशास्त्रात परीक्षेपुरतं पाठ करतो. कन्नड राहू दे की! खाली चार ओळी मराठीत छापा.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्ततपासणी आहे. या वेळी तो कागद घेऊन मीच जाणार.